दिवसा झोपणाऱ्याचं घर

माझ्या भावजयीला लोक गरीब गाय म्हणतात, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लग्न होऊन आली तेव्हा ही बाई जिन्याच्या पहिल्या पायरीवरून बोलायची आणि तिसऱ्या मजल्यावर भांडी विसळत बसलेल्या माझ्या आईला ते स्पष्ट ऐकू यायचं. ती वाढली कापडमागांच्या गल्लीत. तिथे दिवसभर दोन्ही अंगाला माग खडखडत असत, त्या आवाजावर आवाज चढवल्याशिवाय कुणाला साधं मीठ मागता येत नसे. तिच्या माहेरी चौघं जेवायला बसली की बाहेरच्याला वाटावं, इथे भांडण जुंपलंय. माझी आई तेव्हा हयात होती, ती पहिले काही महिने कपाळाला हात लावून बसायची. मला मात्र ही पोरगी पहिल्या दिवसापासून आवडली. खळखळून हसायची, आणि एकदा हसू फुटलं की तिचं तिलाच आवरायचं नाही.

आता ती कुजबुजते. दुकानात आली तरी कुजबुजते, रस्त्यात भेटली तरी कुजबुजते. आणि बिल्डिंगीतल्या बायका म्हणतात, स्वभावच आहे हो तिचा. स्वभाव म्हणे! बाईचा आवाज काढून घ्यायचा आणि वर त्याला स्वभाव म्हणायचं.

हे कसं झालं ते मी सांगते, कारण मी समोरच असते. माझं शिवणाचं दुकान त्यांच्या बिल्डिंगीच्या अगदी समोर, तळमजल्यावर. मशीनवर मान खाली असली की कापड दिसतं, मान वर केली की त्यांची बाल्कनी. दुकानामागच्या खोलीतच मी राहते, त्यामुळे त्या घरात काय चाललंय हे मला न विचारता कळतं.

माझा धाकटा भाऊ बेकरीत आहे. लहानपणी इतका गुबगुबीत होता की मी त्याला भोपळ्या म्हणायची. आता त्याच्यात भोपळ्यासारखं काही उरलेलं नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं. आधी तो बेकरीच्या काउंटरवर होता, दिवसाचं काम. थोरला मुलगा, आमचा गोटू, त्या काळात बोलायला लागला आणि आईवर गेला. त्याची बडबड माझ्या दुकानापर्यंत यायची. मग बेकरीतला जुना भट्टीवाला डोळ्यांना दिसेनासं झाल्यामुळे घरी बसला आणि मालकाने भोपळ्याला भट्टीवर घेतलं. भट्टी म्हणजे रात्रपाळी. सांजावताना जायचं, सकाळी पापण्यांना पीठ लागलेलं घेऊन यायचं, चार घास खायचे आणि आडवं व्हायचं ते दिवे लागेपर्यंत. बढती झाली म्हणून सगळ्यांना केवढा आनंद. पण दोन खोल्यांच्या घरात, जिथे मधे दार नाही, नुसता पडदा आहे, तिथे हा माणूस दिवसा झोपणार कसा आणि बाकीचे जगणार कसे, हे विचारायचं एकाच्याही मनात आलं नाही.

पहिल्या वर्षीच एकदा गोटूला ताप होता, पोर दिवसभर रडलं, भोपळ्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. त्याच पाळीत भट्टीसमोर त्याला डुलकी आली आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. मालकाने मलमाची एक ट्यूब पाठवली. मोठा दिलदार माणूस. आणि माझ्या भावजयीच्या मनाने एवढंच घेतलं की आपण पोराला गप्प ठेवलं नाही म्हणून नवऱ्याचा हात भाजला. तिला असं कुणी तोंडाने म्हटलं नाही. पण तसं नाही, असंही कुणी म्हटलं नाही. भोपळ्याने तर नाहीच.

त्या दिवसापासून तिने घराच्या तोंडाला कुलूप लावलं. दारावरची घंटा काढून टाकली. कुकरची शिटी नको म्हणून दिवसा सगळं उघड्या पातेल्यात शिजवायला लागली, मग ते शिजेपर्यंत ताटकळत उभी. माझ्याकडून कापडाच्या चिंध्या नेल्या आणि स्टुलांच्या पायांना गुंडाळल्या, बाल्कनीच्या दाराच्या चौकटीला चारी बाजूंनी ठोकल्या, वाऱ्याने दार लागलं तरी आपटू नये म्हणून. नळाला एक पट्टी बांधली, थेंब तिच्यावरून घरंगळत जावेत, बादलीत टपटप पडू नयेत. बाई हुशार, काय सांगू. अशी अक्कल एखाद्या कारखान्यात चालवली असती तर तिला साहेब केलं असतं. इथे ती अक्कल कशात गेली, तर आपलीच पोरं आपल्याच घरात आहेत हे कुणाला कळू नये यात.

उन्हाळ्यात एकवेळ बरं असायचं. मुलांना घेऊन ती दिवसभर बाहेर असायची, बागेत, बिल्डिंगीमागच्या झाडाखाली, माझ्या दुकानात. पण आमच्याकडची थंडी म्हणजे थंडी. धुकं दुपारपर्यंत उठत नाही, वारा हाडात शिरतो, आणि मुलं जरा बाहेर गेली की छाती भरून येते. डॉक्टरांनी बजावलेलं, धाकटीला थंडीचं बाहेर काढायचं नाही. माझ्या दुकानात आणावं तर रस्ता ओलांडेपर्यंतच खोकला सुरू, शिवाय इथे तापलेली इस्त्री आणि कात्र्या. म्हणजे थंडीचे ते सगळे महिने, एक खोली, एक पडदा, पडद्याआड झोपलेला बाप, आणि अलीकडे आई आणि दोन पोरं.

धाकटी जन्मली ती याच घरात, भट्टीची पाळी सुरू झाल्यावर. तिला आम्ही मुंगी म्हणतो. चालते कुठे, येते कुठे, पत्ता लागत नाही. तान्ही असताना रडायला तोंड उघडलं की त्याआधी तोंडात दूध. भावजय तिला मांडीवर घेऊन गोष्टी सांगायची त्या कुजबुजून. तिच्या गोष्टीतला वाघसुद्धा कुजबुजत डरकाळी फोडायचा, आणि पोरगी खूश होऊन हसायची. हसायची म्हणजे खांदे हलायचे, दात दिसायचे, आवाज नाही. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा तिला मांडीवरून उचलून घेतलं. मी म्हटलं, "अगं, हिला जरा ओरडू दे."

"दुपारी ओरडेल हो ताई बाहेर नेली की," ती म्हणाली, तीही कुजबुजत. "हे झोपलेत तोवर राहू दे."

गोटूला दोन आवाज होते. शाळेतला एक आणि घरातला एक. जिन्यावर धावत यायचा, आरडाओरडा करत, आणि उंबऱ्याशी आला की बूट हातात आणि तोंड बंद. एकदा त्याचं बोट कपाटाच्या दारात चेमटलं. मी तिथेच बसले होते. पोराने स्वेटरची बाही तोंडात कोंबली आणि तिच्यात रडला. सात वर्षांचं पोर. मी उठून त्याला खाली नेलं आणि सांगितलं, रड आता मोकळेपणी. तर म्हणतो, "आता नाही येत रडू, आत्या."

आणि लोक कौतुक करायचे. वरच्या मजल्यावरची बाई, जिच्या घरात दिवसभर कुटणं, ठोकणं, फर्निचर सरकवणं चालतं, ती माझ्या दुकानात ब्लाउज टाकायला आली की म्हणायची, "तुमच्या भावाच्या घरी मुलं आहेत असं वाटतच नाही हो. काय वळण लावलंय." हे कौतुक झालं? मुलं आहेत असं वाटू नये, हे कौतुक? मी तिचं माप घेताना टेप जरा आवळूनच धरला.

या वर्षी मुंगीला शाळेत घालायचं ठरलं, बालवाडीत. थंडी सुरू व्हायच्या आधी भावजय तिला घेऊन गेली. बाईंनी नाव विचारलं. मुंगीने सांगितलं. बाईंना ऐकू आलं नाही. परत विचारलं, मुंगीने परत सांगितलं. फुलाचा रंग विचारला, तोही सांगितला. चाळीस पोरांचा वर्ग, कालवा चाललेला, त्यात या पोरीचं कुजबुजणं कुणाला कळणार? बाईंनी तिला मागच्या बाकावर बसवून थोडे दिवस पाहिलं आणि मग भावजयीला बोलावून घेतलं. मुलगी बोलत नाही, म्हणाल्या. थंडी संपेपर्यंत घरी ठेवा, प्रयत्न करा, बोलायला लागली तर नव्या वर्षी घेऊ. नाहीतर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला न बोलणाऱ्या मुलांची शाळा आहे, तिकडे नाव घालावं लागेल.

डॉक्टरांनी तपासलं. कान ठणठणीत, घसा ठणठणीत. "बोलेल," म्हणाले, "घरात बोलत राहा तिच्याशी." घरात. मोठ्याने. कुठल्या घरात, तेही सांगायचं होतं ना.

त्या आठवड्यात भोपळ्याच्या सुट्टीच्या दिवशी सगळे माझ्याकडे जेवायला होते. गोटू त्याच्या शाळेतल्या भांडणाचं रसभरीत वर्णन करत होता, मुंगी आईच्या कुशीत. विषय निघाला तसा भोपळ्याने हातातला घास खाली ठेवला आणि बायकोला म्हणाला, "तू दिवसभर घरात असतेस. तुला दुसरं काम काय असतं? पोरीला साधं बोलायला शिकवता आलं नाही तुला?"

मी वाढत होते. पळी हातात तशीच राहिली. मला वाटलं, आता ही बोलेल. मागांच्या गल्लीतली पोरगी आहे, आता हिचा आवाज निघेल आणि याच्या कानाचे पडदे फाटतील, फाटू देत. पण तिने चकार शब्द काढला नाही. मुंगीच्या ताटातला भात मऊ करत राहिली. तेव्हा मीच तोंड उघडलं. "भोपळ्या," मी म्हटलं, "तुझ्या घरात कुणी श्वास मोठ्याने घेतला तर तू कूस बदलतोस. तू कूस बदललीस की हिचा जीव मुठीत. आणि तू हिला विचारतोस?"

"मी कधी म्हटलं गप्प राहा म्हणून?" तो म्हणाला. "कधी तरी म्हटलंय का?"

आणि खरंच, त्याने कधी म्हटलं नव्हतं. त्याला म्हणावं लागलंच नव्हतं. याचाच मला जास्त संताप आला. ओरडणाऱ्या नवऱ्याशी निदान भांडता तरी येतं. हा बिचारा झोपायचा, एवढंच. दमून यायचा, प्रामाणिकपणे झोपायचा, आणि त्याच्या झोपेभोवती तीन माणसं चवड्यांवर चालायची. याने कधी विचारलं नाही की घर एवढं शांत कसं राहतं. त्याला वाटायचं, घरं अशीच असतात.

त्यानंतर भावजय मुंगीला घेऊन बाथरूममध्ये बसायला लागली. दार लावून, नळ थोडा सोडून, तिला म्हणायची, बोल आता, इथे बोल. मुंगी तिथेही कुजबुजायची. आईच कुजबुजून सांगत होती, मोठ्याने बोल म्हणून, तर पोरीने काय समजायचं? बाईला स्वतःचा आवाज काढता येईना. मला तिने हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. "ताई, नेतील का हो तिला त्या शाळेत?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "कोण नेतो बघते मी." पण खरं सांगायचं तर माझाही धीर सुटत चालला होता. थंडी सरत आली होती आणि पोरीच्या घशातून एक हाक निघाली नव्हती.

मग तो दिवस आला. त्या दिवशी वारा असा सुटला होता की माझ्या दुकानाची पाटी हलत होती. गोटू शाळेत होता. काचेवर धुरकट वाफ धरलेली, मी ती अधूनमधून पुसत होते, उजेड यावा म्हणून. अशीच एकदा पुसली आणि वर पाहिलं, तर भावजय बाल्कनीत उभी. अंगात नुसता घरातला पातळ गाऊन. भोवती एक ओली चादर गुंडाळलेली. ओली चादर कुणी अंगाला गुंडाळतं का, असा विचार करतेय तोवर तिने मला पाहिलं. हात हलवला. मी दार उघडून बाहेर आले आणि हाक मारणार, तर तिने झटकन ओठांवर बोट ठेवलं. वर ये, अशी खूण केली आणि पुन्हा ओठांवर बोट.

मी समजले. बाल्कनीच्या दाराची आतली खिट्टी सैल होती, दार लागलं की आपली आपण खाली पडायची. ही कपडे वाळत घालायला गेली, वाऱ्याने दार लावलं, तिनेच ठोकलेल्या चिंध्यांमुळे आवाजही झाला नाही, आणि ही बाहेर अडकली. रस्त्यावर माणसं जात होती. खालच्या मजल्यावर माणसं होती. आत नवरा होता. आणि ही बाई थंडीने काळीनिळी पडत तिथे उभी होती, पण ओरडत नव्हती. दाराच्या काचेवर नखाने टिकटिक करत होती, तीही बेताने.

जिना मी कसा चढले मला माहीत नाही. खालच्या मजल्यावरची बाई दारात आली आणि म्हणाली, "मघापासून दोनदा बघितलं मी त्यांना, मला वाटलं उन्हाला उभ्या आहेत." त्या धुक्यात ऊन! मी तिच्याशी बोलायला थांबले नाही. दाराला आतून कडी. घंटा नाही. मी दोन्ही मुठींनी दार बडवलं आणि माझा होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले, "भोपळ्या, ऊठ. ऊठ आधी." बिल्डिंगीतली सगळी दारं उघडली. शेवटी हे दार उघडलं.

डोळे चोळत उभा. "काय आहे ताई, एवढा काय आरडाओरडा?" मी त्याला बाजूला लोटलं आणि आत जाऊन खिट्टी वर केली. ती आत आली. ओठ निळे, हात लाकडासारखे, ओली चादर अंगाला चिकटलेली. आणि तिच्या तोंडून पहिला शब्द कुठला निघाला असेल? पडद्याकडे बघत मला विचारते, "ह्यांची झोप मोडली का?"

मला रडू आलं, आणि मी सहसा रडत नाही. तिला मी खाली बसवलं, रजई ओढून आणली, तिचे पाय माझ्या मांडीत घेतले आणि चोळायला लागले. भोपळ्या मधे उभा होता, एकदा बायकोकडे बघत, एकदा दाराकडे. त्याला सगळं कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने इकडेतिकडे पाहिलं. मुंगी त्याच्या पलंगाशी उभी होती, उशीच्या बाजूला, पाय उघडे, फरशीवर. ती तिथेच होती, आई बाहेर अडकल्यापासून. खिट्टीला तिचा हात पोचत नव्हता, म्हणून काचेतून आईने तिला खुणा करून पाठवलं होतं, बाबांना उठव म्हणून.

तो तिच्यापुढे खाली बसला. "बाळा, आई बाहेर होती ना? मग मला हाक का नाही मारलीस?"

मुंगी त्याच्याकडे बघत राहिली. मग टाचा उंचावून तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं. मला तिचे ओठ हललेले दिसले, ऐकू काही आलं नाही.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"मारली, म्हणते," तो म्हणाला. तिच्या उघड्या पायांकडे बघत म्हणाला, "खूप वेळ मारत होते, म्हणते."

मग तो रडायला लागला. भाऊ रडला म्हणून माझा राग गेला असं नाही. मी त्याला तसं सांगितलंही. म्हटलं, रड, पण मी विसरणार नाही, तू त्या दिवशी जेवताना काय बोललास ते. भावजयीकडे बघायची त्याची छाती होत नव्हती. त्याने मुंगीचे दोन्ही दंड धरले आणि म्हणाला, "आता मार हाक. जेवढा आवाज असेल तेवढा काढ."

मुंगीने आईकडे पाहिलं. आईने रजईतून मान हलवली, मार म्हणून. पोरीने तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या, तोंड लाल झालं, एवढा जोर लावला. निघाली ती तीच कुजबुज, थोडी लांबलेली.

"अशी नाही," तो म्हणाला. "ही बघ, माझ्यासारखी." आणि त्याने तिला तिच्या नावाने हाक मारली, भट्टीवर पोत्यांच्या हमालांना मारतो तशी, पोटातून.

मुंगी दचकली. दोन्ही तळवे तिने त्याच्या तोंडावर घट्ट दाबले. मान वळवून मागे पलंगाकडे पाहिलं, चुरगळलेल्या रिकाम्या अंथरुणाकडे. मग बापाच्या कानाला लागून त्याला समजावून म्हणाली, "हळू. बाबा झोपलेत."

हे मला ऐकू आलं, कारण तेव्हा घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता.